गाडगेबाबांचा खराटा आणि अंगणातील शिसे

दर वर्षी २० डिसेंबरला संत गाडगेबाबांचा स्मृतिदिन येतो. अमरावतीच्या गाडगेनगरातील समाधीवर त्या दिवशी माणसांची रीघ लागते. शाळा आणि कचेऱ्यांतून रस्ते झाडण्याचे कार्यक्रम होतात, छायाचित्रे निघतात आणि दुसऱ्या दिवशी खराटा पुन्हा कोपऱ्यात जातो. बाबांच्या खराट्याचा अर्थ एवढाच असता तर त्यांचे चरित्र आज वाचण्याची फारशी गरज उरली नसती. परंतु घाण म्हणजे काय, ती कोण करतो आणि तिची किंमत कोण मोजतो, हे प्रश्न त्यांनी ज्या रीतीने समाजापुढे मांडले, ती रीत अजून शिळी झालेली नाही. वऱ्हाडातील मुले ज्या मातीत खेळतात तिच्याकडे पाहताना तर ती अधिकच आठवावी अशी आहे.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. वडील दारूच्या व्यसनापायी अकाली वारले. आई सखूबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी आली. म्हणजे अमरावतीने जन्म दिला आणि अकोल्याने वाढवले. मामाच्या घरी डेबूजीने गुरे राखली, नांगर धरला, पूर्णेच्या पाण्यात पोहणे शिकला. शाळा मात्र त्याच्या वाट्याला आली नाही. कष्टाळू, अंगापिंडाने मजबूत असा हा मुलगा चांगला शेतकरी होणार, अशीच सर्वांची समजूत होती आणि तसा तो झालाही.

पण त्या काळच्या वऱ्हाडात चांगले पीक काढणे आणि जमीन टिकवणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. कापसाच्या पैशाबरोबर सावकारीही गावोगाव पसरली होती. मामाचे शेत सावकाराच्या घशात गेले ते कष्ट कमी पडले म्हणून नव्हे, तर कागदावर काय लिहिले आहे हे घरात कोणाला वाचता येत नव्हते म्हणून. त्या धक्क्यातून मामा सावरले नाहीत. न कळलेल्या कागदाखाली उमटलेला अंगठा एका पिढीचे आयुष्य कसे खाऊन टाकतो, हा धडा डेबूजी आयुष्यभर विसरले नाहीत. पुढे कीर्तनातून ते कर्ज काढून सण करू नका, मुलांना शाळेत घाला, जेवणाचे ताट मोडावे लागले तरी शिक्षण सोडू नका, असे कळवळून सांगत, त्यामागे दापुऱ्याचे ते शेत होते.

१८९२ साली त्यांचे कुंताबाईंशी लग्न झाले. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मांस आणि दारू यांची पंगत हवी होती. डेबूजींनी गोडाधोडाचे जेवण घातले आणि नातलगांचा रोष पत्करला. सुधारणेची सुरुवात त्यांनी स्वतःच्या अंगणातून केली होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात काठी आणि एक फुटके गाडगे. त्या गाडग्यानेच पुढे त्यांना नाव दिले.

घर सोडणारे साधू या देशाला नवे नव्हते. नवे होते ते या साधूचे वागणे. तो गावात शिरला की देवळाकडे न जाता उकिरड्याकडे जाई. दिवसभर रस्ते झाडी, गटारे उपसे, कोणाच्या शेतात काम करी आणि त्या कामाच्या मोबदल्यात भाकरी घेई. फुकटचे अन्न त्याला चालत नसे. संध्याकाळी त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन होई. कीर्तनात पांडित्य नसे. तो श्रोत्यांना प्रश्न विचारी, त्यांच्याच तोंडून उत्तरे काढी आणि नवसापोटी बळी देणारा, दारूत बुडालेला, शिवाशीव पाळणारा माणूस स्वतःच्याच उत्तरात अडकून बसे. पायावर डोके ठेवायला येणाऱ्याला बाबांची काठी ठाऊक होती. १९२३ साली एकुलता मुलगा गोविंद गेल्याची वार्ता कोकणात चालू कीर्तनात आली, तेव्हाही कीर्तन थांबले नाही.

पूर्णेकाठचे ऋणमोचन हे त्यांच्या लोककार्याचे पहिले मोठे क्षेत्र. पौष महिन्यातील रविवारी तेथे यात्रा भरते. नदीकाठच्या चिखलात माणसे घसरत, म्हातारीकोतारी पडत, आणि स्नानाचे पुण्य घेऊन लोक घरी जात. चिखलाकडे कोणी पाहत नसे, कारण तो कोणा एकाचा नव्हता. बाबांनी प्रथम स्वतः उतार सारखा केला आणि पुढे लोकांच्या श्रमातून व देणग्यांतून घाट उभा केला. सर्वांच्या उपयोगाची वस्तू कोणीच आपली मानत नाही आणि म्हणून ती नासते, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात फार पुढे येणारे प्रकरण त्यांनी नदीच्या काठावर सोडवले होते.

त्यानंतरची पन्नास वर्षे म्हणजे अशाच सार्वजनिक वास्तूंची मालिका आहे. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. ज्यांना विठ्ठलाच्या दारी उभे राहण्याची मुभा नव्हती, त्यांना तिने छप्पर दिले. नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा झाल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयापाशी, आजारी माणसाला घेऊन आलेल्या आणि पदपथावर निजणाऱ्या खेडुतांसाठी धर्मशाळा झाली. लाखो रुपये हातांखालून गेले, पण त्यातला एक पैसा कुटुंबाकडे वळला नाही. पंढरपूरची एक वास्तू त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. १९५२ साली गाडगेबाबा मिशनची स्थापना होऊन साऱ्या संस्थांचा कारभार तिच्याकडे गेला. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकर गेले आणि त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात बाबांनी देह ठेवला.

या चरित्राचा गाभा काय? माणूस आपले घर लोटतो आणि कचरा दाराबाहेर टाकतो. घर स्वच्छ झाल्याचा लाभ त्याचा, दाराबाहेरचा रोग मात्र सर्वांचा. लाभ एकाचा आणि तोटा दुसऱ्याचा, हा व्यवहार बाबांना अधर्म वाटे. खराटा हे त्या अधर्माविरुद्धचे शस्त्र होते. त्यांच्या हयातीत ही घाण डोळ्यांना दिसे, नाकाला कळे. आज दाराबाहेर जे टाकले जाते त्यातील सर्वांत घातक भाग दिसतही नाही आणि त्याला वासही नाही.

शिसे हे त्याचे ठळक उदाहरण. भारनियमनाच्या वर्षांत इन्व्हर्टर घराघरांत शिरला, पाठोपाठ बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षा आल्या. मोटारीच्या एका बॅटरीत कित्येक किलो शिसे असते. जुनी बॅटरी भंगारात जाते. ती नीट कारखान्यात गेली तर शिसे पुन्हा वापरात येते. वस्तीतल्या एखाद्या पत्र्याच्या आडोशाला फोडली गेली तर तिचे आम्ल जमिनीत मुरते, शिशाची धूळ आणि भट्टीचा धूर आसपासच्या अंगणांत बसतो. दुसरी वाट रंगाची. जुन्या तैलरंगात शिशाची संयुगे असत. शाळेच्या खिडक्या, बागेतले लोखंडी झोके आणि घसरगुंड्या यांवरचे जुने थर उन्हाने तडकून खपलीखपलीने खाली पडतात. तिसरी वाट पेट्रोलची. शिसेयुक्त पेट्रोल भारतात २००० साली बंद झाले, पण शिसे कुजत नाही, विरत नाही. वर्दळीच्या रस्त्यांकाठी आधी बसलेले ते वरच्या मातीत राहते. कोळशाच्या राखेतही शिसे, आर्सेनिक, क्रोमियम, पारा यांचे अंश असतात. पारसच्या औष्णिक वीज केंद्रामुळे अकोला जिल्ह्याला राख अपरिचित नाही. म्हणून ती भरावासाठी कोठे पडते यावर लक्ष हवे.

या मातीचे खरे गिऱ्हाईक म्हणजे दोन-तीन वर्षांचे मूल. ते जमिनीवर रांगते, हात तोंडात घालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट भाग लहान मूल शोषून घेते. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवते आणि तेथे ते कित्येक वर्षे राहते. मेंदूची वाढ खुंटते, लक्ष लागत नाही, शिकण्याची शक्ती घटते, आणि झालेली हानी बहुतांशी भरून येत नाही. रक्तातील शिशाची कोणतीही पातळी निर्धोक मानली जात नाही. सर्वांत क्रूर भाग पुढचा आहे. ज्या मुलाच्या आहारात लोह आणि कॅल्शियम कमी, ते मूल शिसे अधिक शोषते. मेळघाटाचे कुपोषण ज्या जिल्ह्याने पाहिले आहे त्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

हे भय कल्पनेतले नाही. सेनेगालमधील डाकार शहराच्या एका उपनगरात लोक जुन्या बॅटऱ्यांच्या मातीतून शिसे गाळून विकत. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तेथे अठरा मुले दगावली. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील दर तीन मुलांपैकी एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या, रक्तात चिंताजनक प्रमाणात शिसे आहे. त्यात भारतातील मुले साडेसत्तावीस कोटींच्या घरात आहेत. ही मुले आजारी दिसत नाहीत. ती वर्गात मागे पडतात आणि शिक्षक त्यांना मठ्ठ म्हणतात.

दापुऱ्याच्या मामाने न वाचता अंगठा उमटवला आणि कर्ज पिढीवर बसले. मातीने माखलेला अंगठा चोखणारे मूलही असेच एक कर्ज अंगावर घेत असते. फरक इतकाच की हे कर्ज त्याच्या हाडांत लिहिले जाते आणि त्याच्या सुटकेसाठी कोणतेही ऋणमोचन नाही. म्हणून ते होऊ न देणे हाच उपाय. आडोशाला बॅटरी फोडणारा मजूर येथे खलनायक नव्हे. त्याचीच मुले सर्वांत जवळ खेळतात. त्याला हुसकावण्यापेक्षा त्याचा धंदा वस्तीबाहेर, नियमांच्या चौकटीत नेणे शहाणपणाचे. बॅटरीसंबंधीचे नियम २००१ मध्ये झाले, २०२२ मध्ये ते नव्याने येऊन जुन्या बॅटरीची जबाबदारी उत्पादकावर आली. घरगुती व सजावटीच्या रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे नसावे, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. पण औद्योगिक रंग त्याच्या कक्षेबाहेर आहेत, आणि बागेतल्या झोक्याला कोणता रंग फासला हे नगरपालिकेच्या निविदेत कोणी विचारत नाही.

बाबांच्या नावाने राज्यात २०००-०१ पासून ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. अमरावती विद्यापीठालाही त्यांचेच नाव आहे. अंगणवाड्या, शाळांची मैदाने आणि बागा यांतील मातीचे नमुने रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तपासावेत, त्याचे निकाल ग्रामसभेत आणि नगरपालिकेत जाहीर वाचले जावेत आणि अभियानाच्या गुणांकनात त्यांना स्थान मिळावे. या कामाला फार पैसा लागत नाही. दोषी आढळलेल्या जागी वरची माती काढून स्वच्छ मातीचा थर देता येतो, गवत वाढवता येते. घरी आणि शाळेत मुलांनी जेवणाआधी हात धुणे आणि त्यांच्या ताटात लोह व कॅल्शियम असणे, हे तर आजच करता येण्यासारखे आहे.

आणि एक लहानशी पण महत्त्वाची गोष्ट. शिशाची धूळ कोरड्या झाडूने झाडली तर ती उडते आणि मुलाच्या श्वासात व अन्नात जाते. ती ओल्या फडक्यानेच पुसावी लागते. म्हणजे या नव्या घाणीपुढे खुद्द खराट्यालाही आपली रीत बदलावी लागणार आहे. याने बाबांना धक्का बसला नसता. नवस निरर्थक आहे हे कळल्यावर तो सोडून देण्याचा आग्रह त्यांनीच आयुष्यभर धरला होता. ज्या गोष्टीने घाण हटते ती करावी आणि जिने हटत नाही ती टाकावी, ही त्यांची कसोटी साधी होती. येत्या २० डिसेंबरला अमरावती आणि अकोल्याच्या शाळा तीच कसोटी आपल्या मैदानाला लावतील, तर स्मृतिदिनाचे सार्थक होईल.