विश्लेषण : मॅडम सी. जे. वॉकर यांनी कृष्णवर्णीय महिलांचे केस सरळ केले की वाचवले?

अमेरिकेत कृष्णवर्णीय महिलांचे केस आणि सौंदर्यप्रसाधने हा विषय निघाला, की मॅडम सी. जे. वॉकर हे नाव हमखास येते. धुणे धुणारी एक विधवा शंभर वर्षांपूर्वी लाखो डॉलरची मालकीण झाली, ही त्यांची ओळख. दुसरी ओळख तितकी गौरवाची नाही. कृष्णवर्णीय महिलांना गोऱ्या बायकांसारखे सरळ केस ठेवायला शिकवणारी बाई, असा आरोप त्यांच्यावर त्या हयात असल्यापासून झाला. नैसर्गिक कुरळे केस अभिमानाने मिरवणाऱ्या आजच्या पिढीलाही त्यांच्याबद्दल नेमके काय वाटून घ्यावे, हा प्रश्न पडतो.

सारा ब्रीडलव्ह ते मॅडम वॉकर…

त्यांचे मूळ नाव सारा ब्रीडलव्ह. जन्म २३ डिसेंबर १८६७ रोजी लुईझियाना राज्यातील डेल्टा या गावी, कापसाच्या मळ्यावर. आईवडील ओवेन आणि मिनर्व्हा याच मळ्यावर गुलाम होते. यादवी युद्ध संपून गुलामगिरी गेल्यानंतर जन्मलेले या घरातले पहिले अपत्य म्हणजे सारा. पण स्वातंत्र्य आले तरी कापूस वेचणे सुटले नव्हते. सातव्या वर्षी आईवडील दोघेही गेले. दहाव्या वर्षाच्या सुमारास त्या मोठी बहीण लूव्हेनिया हिच्याबरोबर नदीपलीकडच्या विक्सबर्गला गेल्या आणि लोकांच्या घरी काम करू लागल्या. बहिणीच्या नवऱ्याच्या जाचातून सुटण्यासाठी चौदाव्या वर्षी त्यांनी मोझेस मॅकविल्यम्स यांच्याशी लग्न केले. १८८५ मध्ये मुलगी लीलिया झाली. दोन वर्षांनी मोझेस वारले. विसाव्या वर्षी वैधव्य आणि कडेवर मूल.

त्यांचे भाऊ सेंट लुईस शहरात न्हाव्याचा धंदा करत होते. त्यांच्या आधाराने सारा तिथे गेल्या आणि पुढची जवळपास अठरा वर्षे लोकांचे कपडे धुतले. दिवसाची कमाई जेमतेम दीड डॉलर. त्यातून त्यांनी लीलियाला टेनेसीतील नॉक्सव्हिल कॉलेजात पाठवले. स्वतःला मात्र नीट लिहिता-वाचता येत नव्हते. ते त्या पुढे, पैसा आल्यावर, शिकवणी ठेवून शिकल्या.

केस का गळत होते?

तिशीच्या आसपास सारा यांचे केस झपाट्याने गळू लागले. डोक्यावर जागोजागी चट्टे पडले. ही केवळ त्यांचीच तक्रार नव्हती. गरीब वस्त्यांतल्या घरांत नळ नव्हते, पाणी बाहेरून आणून तापवावे लागे, त्यामुळे हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे डोक्यावरून पाणी घेतले जात नसे. घेतले तरी कपड्यांच्या, क्षार भरलेल्या जहाल साबणाने. कोंडा, खरूज, बुरशी, त्यात अपुरे खाणे. केस टिकणार कसे?

यात कुरळ्या केसांची घडणही समजून घ्यावी लागते. सरळ केसाचा छेद साधारण गोल असतो, आफ्रिकी वंशाच्या बहुतेकांच्या केसाचा चपटा, लांबट. केस वळणे घेत वाढतो. डोक्याच्या त्वचेतून पाझरणारे तेल सरळ केसावरून टोकापर्यंत सहज उतरते, पण वळणावळणाच्या केसावर ते मुळाशीच अडते. टोके कोरडी राहतात आणि प्रत्येक वळणापाशी केस तुटण्याची शक्यता असते. म्हणजे या केसांना साबण कमी आणि तेल जास्त लागते. बाजारातली प्रसाधने मात्र गोऱ्या गिऱ्हाइकांच्या केसांचा विचार करून बनलेली होती. कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांतही जाहिराती असत त्या मुख्यतः केस सरळ आणि कातडी गोरी करणाऱ्या औषधांच्या. केस निरोगी ठेवण्याचे कोणी फारसे बोलत नव्हते.

डबीत काय होते?

पुढे सारा सांगत, की स्वप्नात एका कृष्णवर्णीय पुरुषाने येऊन केसांच्या औषधाची कृती सांगितली. जाहिरातीला ही कथा झकास शोभली. प्रत्यक्षात सेंट लुईसमध्ये असताना त्या अ‍ॅनी टर्न्बो या कृष्णवर्णीय उद्योजिकेचे केसांचे औषध दारोदार विकत होत्या. याच अ‍ॅनी पुढे अ‍ॅनी मलोन म्हणून ओळखल्या गेल्या. १९०५ मध्ये सारा डेन्व्हरला गेल्या. तिथे एका औषधविक्रेत्याच्या घरी स्वयंपाकीण म्हणून काम करताना त्यांनी स्वतःचे मलम बनवायला घेतले. जानेवारी १९०६ मध्ये वृत्तपत्रांच्या जाहिराती मिळवणारे चार्ल्स जोसेफ वॉकर यांच्याशी लग्न झाले आणि नवऱ्याच्या नावाची आद्याक्षरे डबीवर आली. ‘मॅडम’ हे बिरुद त्या काळी फ्रेंच सौंदर्यप्रसाधनांना असलेल्या मानामुळे लावले. शिवाय गोरे लोक वयस्कर कृष्णवर्णीय बाईलाही पहिल्या नावाने किंवा ‘आंटी’ म्हणून हाक मारत, त्यालाही ते उत्तर होते.

मलमात पेट्रोलियम जेली, मेण, खोबरेल तेल, सुगंध आणि मुख्य म्हणजे गंधक होते. गंधक हे त्वचारोगावरचे जुने औषध. त्याने कोंडा आणि बुरशी कमी होई आणि आजारी त्वचा बरी झाली की केस पुन्हा वाढत. जादू काही नव्हती. अ‍ॅनी मलोन यांच्या औषधाचे तत्त्वही तेच होते आणि नावही तेच, ‘वंडरफुल हेअर ग्रोअर’. आपली नक्कल झाली, असा मलोन यांचा आक्षेप राहिला, आणि त्यात तथ्य नव्हते असे म्हणता येत नाही.

मग केस सरळ करण्याचे काय?

वॉकर पद्धतीत आधी डोके शॅम्पूने स्वच्छ धुणे, मग मलम चोळणे, त्यानंतर ‘ग्लॉसिन’ हे हलके तेल लावणे आणि शेवटी विस्तवावर तापवलेला धातूचा कंगवा फिरवणे असे टप्पे होते. हा कंगवा वॉकर यांनी शोधला, हे आजही अनेक ठिकाणी छापून येते. ते चुकीचे आहे. तापवून वापरायची केशभूषेची साधने फ्रान्समध्ये आधीपासून होती आणि अमेरिकी दुकानांतही मिळत. कंगव्याच्या उष्णतेने केसातले काही बंध तात्पुरते सुटतात आणि केस सरळ होतो. पाणी किंवा घाम लागला की तो पुन्हा वळतो. कंगवा जास्त तापला तर केस जळतो आणि कानाला चटकाही बसतो.

वॉकर यांना केस सरळ करणारी बाई म्हटलेले अजिबात खपत नसे. आपण केस वाढवतो, त्यांची निगा राखतो, असे त्या ठासून सांगत. पण कंगवा त्यांच्या पद्धतीत होता आणि गिऱ्हाइकांतल्या अनेकींना त्याचेच आकर्षण होते, हेही खरे. हा पेच त्यांच्या धंद्यातच होता.

तरीही दोन गोष्टी त्यांना इतरांपासून वेगळे काढतात. पहिली, डबीवरचा चेहरा. त्या काळच्या जाहिरातींत गोरी किंवा फार तर निमगोरी तरुणी दिसे. वॉकर यांनी स्वतःचा फोटो छापला. सावळा नव्हे, चांगला काळा वर्ण, रुंद नाक, आणि खांद्याखाली आलेले दाट केस. आधीचा आणि नंतरचा असे स्वतःचेच फोटो त्यांनी शेजारी शेजारी दिले. दुसरी गोष्ट, त्या हयात असेपर्यंत त्यांच्या कंपनीने कातडी गोरी करण्याचे मलम विकले नाही. अशी मलमे तेव्हा धडाक्याने खपत आणि त्यांतल्या अनेकांत पाऱ्याची संयुगे असत. त्यांच्या पश्चात मात्र, १९२० च्या दशकात, याच कंपनीने ‘टॅन-ऑफ’ नावाने तसले मलम आणले. ते पाप त्यांच्या माथी मारले जाते, पण तारखा तसे सांगत नाहीत.

वॉशिंग्टन यांनी त्यांना का टाळले?

१९०८ मध्ये पिट्सबर्ग येथे त्यांनी ‘लीलिया कॉलेज’ काढले आणि महिलांना केशोपचार शिकवायला सुरुवात केली. १९१० मध्ये इंडियानापोलिसला मुक्काम हलवून कारखाना उभारला. आठ दिशांना रेल्वे जात असलेले हे शहर टपालाने माल पाठवायला सोयीचे होते. शिकून तयार झालेल्या महिला गावोगाव घरोघरी डोके धुऊन देत, मलम लावून देत आणि डब्या विकत. पुढे अशा प्रतिनिधींची संख्या हजारोंत गेली. कापूस वेचणे, स्वयंपाक आणि धुणे यापलीकडे कृष्णवर्णीय बाईला काम नव्हते, त्या काळात हा स्वतःचा धंदा होता. मालकिणीच्या मागच्या दाराने आत शिरावे लागत नव्हते, हे पैशाइतकेच मोलाचे.

पण समाजातल्या पुढाऱ्यांना हा धंदा फारसा रुचत नव्हता. कृष्णवर्णीयांचे सर्वांत वजनदार नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या मते केसांची प्रसाधने म्हणजे गोऱ्यांच्या सौंदर्यकल्पनांची नक्कल. १९१२ मध्ये शिकागो येथे त्यांच्या ‘नॅशनल निग्रो बिझनेस लीग’चे अधिवेशन भरले. वॉकर यांना बोलू द्यावे, असे वृत्तपत्रमालक जॉर्ज नॉक्स यांनी सुचवले. वॉशिंग्टन यांनी ऐकले न ऐकल्यासारखे केले. शेवटच्या दिवशी वॉकर सभागृहात स्वतःच उभ्या राहिल्या. आपण दक्षिणेतल्या कापसाच्या शेतातून आलो, धुण्याच्या टबापाशी पोहोचलो, तिथून स्वयंपाकघरात आणि तिथून स्वतःच स्वतःला बढती देऊन केसांच्या धंद्यात आलो, स्वतःच्या जमिनीवर स्वतःचा कारखाना बांधला, असे त्यांनी सांगितले. वॉशिंग्टन यांनी तेव्हाही दाद दिली नाही. पुढच्या वर्षी मात्र त्याच अधिवेशनात वॉकर निमंत्रित वक्त्या होत्या. याच काळात चार्ल्स यांच्याशी काडीमोड झाला. डबीवरचे नाव तेवढे राहिले.

पैशाचे त्यांनी काय केले?

खर्च करताना हात आखडता नव्हता. हार्लेममध्ये घर आणि केशालय, हडसन नदीकाठी आयर्व्हिंग्टन येथे ‘व्हिला लेवारो’ हा प्रासाद. दोन्हींचे वास्तुरचनाकार व्हर्टनर टँडी हे कृष्णवर्णीय होते. पण जुलै १९१७ मध्ये ईस्ट सेंट लुईस येथे गोऱ्यांच्या जमावाने कृष्णवर्णीयांची कत्तल केली, तेव्हा त्या स्वस्थ बसल्या नाहीत. हे गाव त्यांच्या धुण्याच्या दिवसांतल्या सेंट लुईसच्या समोरच्या तीरावर. न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या मूक मोर्चाच्या आयोजनात त्या होत्या आणि नंतर राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना भेटायला गेलेल्या शिष्टमंडळातही. विल्सन भेटले नाहीत. त्याच उन्हाळ्यात फिलाडेल्फियात त्यांच्या प्रतिनिधींचे अधिवेशन झाले. दोनशेहून अधिक महिला आल्या. सर्वाधिक विक्री करणारीला बक्षीस होते, तसे समाजकार्याला सर्वाधिक मदत करणारीलाही होते. जमावहत्यांचा निषेध करणारी तार तिथूनच विल्सन यांना गेली. आपण फक्त डब्या विकायला जमलेलो नाही, हे या केशोपचार करणाऱ्या बायकांनी त्या दिवशी दाखवून दिले.

२५ मे १९१९ रोजी मूत्रपिंडाच्या आजाराने वॉकर यांचे निधन झाले. वय अवघे ५१. त्याआधी जमावहत्याविरोधी निधीसाठी त्यांनी ‘एनएएसीपी’ला पाच हजार डॉलर दिले होते. मालमत्तेचा अंदाज सहा ते सात लाख डॉलर निघाला. त्यामुळे ‘पहिली दशलक्षाधीश’ हे बिरुद काटेकोरपणे टिकत नाही, आणि त्यावर अ‍ॅनी मलोन यांचाही दावा सांगितला जातो.

पुढे काय झाले?

केसांनंतर चेहऱ्याचा प्रश्न होताच. गुलाबी-पांढरी पावडर गडद वर्णावर राख फासल्यासारखी दिसते. अँथनी ओव्हर्टन या कृष्णवर्णीय उद्योजकाने ‘हाय-ब्राउन’ पावडर काढून त्याला वाट दाखवली. तरी १९६० च्या दशकातही फॅशन शोमधल्या कृष्णवर्णीय मॉडेल आपल्या वर्णाला जुळणारी छटा मिळेना म्हणून दोन-तीन फाउंडेशन कालवून लावत. ते पाहून युनिस जॉन्सन यांनी १९७३ मध्ये ‘फॅशन फेअर’ हा ब्रँड आणला.

त्याच काळात ‘आफ्रो’ केशरचना ही राजकीय भूमिका बनली, तापलेला कंगवा गुलामीची खूण ठरला आणि वॉकर यांचे नाव टीकेच्या यादीत गेले. पण नैसर्गिक केस ठेवणारीची अडचण तेवढ्याने संपली नाही. वेण्या, जटा किंवा आफ्रो घेऊन कचेरीत आणि शाळेत गेल्यास शिस्तीच्या नावाखाली अडवले जाई. अशा भेदभावाला बंदी करणारा ‘क्राउन’ कायदा कॅलिफोर्नियाने जुलै २०१९ मध्ये केला, वॉकर यांच्या निधनानंतर शंभर वर्षांनी. त्याआधी २०१६ मध्ये त्यांच्या नावाचा ब्रँड बाजारात परतला होता. त्यातली अनेक उत्पादने कुरळे केस कुरळेच ठेवून त्यांची निगा राखण्यासाठी होती.