मेंदूच्या लहरींचा आलेख काढणारे हान्स बर्गर

हृदयाच्या तपासणीसाठी काढला जाणारा ईसीजी सर्वांच्या परिचयाचा आहे. मेंदूच्या तपासणीसाठी तसाच एक आलेख काढला जातो. त्याला ईईजी म्हणतात. डोक्यावर ठिकठिकाणी तारा चिकटवून घेतल्या जाणाऱ्या या आलेखाचे जनक म्हणजे जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर. मानवी मेंदूतील विद्युत लहरींची पहिली नोंद त्यांनी ६ जुलै १९२४ रोजी जर्मनीतील येना या शहरात घेतली. या घटनेला २०२४ मध्ये शंभर वर्षे पूर्ण झाली. अपस्माराकडे, म्हणजेच फीट किंवा आकडी येण्याच्या आजाराकडे पाहण्याची वैद्यकशास्त्राची दृष्टी या शोधाने बदलली. मात्र, याच आजाराच्या रुग्णांवर अन्याय करणाऱ्या व्यवस्थेत पुढे स्वतः बर्गर यांचाही सहभाग होता. त्यांच्या चरित्राची ही बाजू दीर्घकाळ अप्रकाशित राहिली.

हान्स बर्गर यांचा जन्म २१ मे १८७३ रोजी कोबुर्गजवळील नॉयझेस या गावी झाला. त्यांचे वडील डॉक्टर होते, तर आई ही प्रसिद्ध जर्मन कवी आणि पौर्वात्य भाषांचे अभ्यासक फ्रीड्रिख र्‍यूकर्ट यांची कन्या. खगोलशास्त्रज्ञ होण्याच्या इच्छेने बर्गर यांनी येना विद्यापीठात प्रवेश घेतला. तथापि, लवकरच शिक्षण थांबवून ते लष्करी सेवेसाठी घोडदळात दाखल झाले.

तेथे घडलेल्या एका अपघाताने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. सरावाच्या वेळी त्यांचा घोडा उधळला आणि ते तोफ ओढणाऱ्या गाड्याच्या वाटेत फेकले गेले. गाडा ऐनवेळी थांबल्याने ते बचावले. त्याच दिवशी सायंकाळी त्यांना वडिलांची तार मिळाली. आपला भाऊ संकटात असल्याचे त्यांच्या बहिणीला तीव्रतेने जाणवले होते आणि तिच्याच आग्रहावरून वडिलांनी तार करून मुलाची खुशाली विचारली होती. आपल्या मनातील भीती दूर असलेल्या बहिणीपर्यंत पोहोचली, अशी बर्गर यांची ठाम समजूत झाली. मनातील विचारांमागे कोणती भौतिक ऊर्जा असते, हे शोधण्याच्या ध्यासाने त्यांनी वैद्यकशास्त्राची वाट धरली.

वैद्यकीय पदवी घेतल्यानंतर १८९७ मध्ये ते येना येथील मनोरुग्णालयात रुजू झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. पहिल्या महायुद्धात त्यांनी लष्करी डॉक्टर म्हणून काम केले. १९१९ मध्ये त्यांच्याकडे या रुग्णालयाचे संचालकपद आले. पुढे ते येना विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. अत्यंत शिस्तप्रिय, वक्तशीर आणि अबोल अशी त्यांची ख्याती होती. दिवसभराचे काम आटोपल्यावर ते एका लहानशा खोलीत प्रयोग करीत. ते नेमके काय करतात, याची सहकाऱ्यांनाही फारशी कल्पना नव्हती.

प्राण्यांच्या मेंदूत विद्युत प्रवाह असतात, हे इंग्लंडमधील रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्येच दाखवून दिले होते. मानवी मेंदूतील प्रवाह नोंदविणे मात्र कठीण होते. हे प्रवाह इतके क्षीण असतात की त्यांचे मोजमाप व्होल्टच्या दशलक्षांश भागांत करावे लागते. बर्गर यांनी आधी मेंदूतील रक्तप्रवाह आणि नंतर मेंदूचे तापमान मोजून पाहिले, परंतु त्यांना समाधानकारक उत्तर मिळाले नाही. अखेर १९२४ मध्ये मेंदूवरील शस्त्रक्रियेमुळे कवटीचा काही भाग काढलेल्या एका सतरा वर्षांच्या तरुणावर त्यांनी प्रयोग केला. हृदयाच्या तपासणीसाठी वापरल्या जाणाऱ्या गॅल्व्हानोमीटरवर त्यांना सूक्ष्म हालचाल दिसली.

यानंतर त्यांनी पाच वर्षे मौन पाळले. आपण टिपतो आहोत त्या लहरी मेंदूच्याच आहेत की त्वचेच्या, स्नायूंच्या वा नाडीच्या, ही शंका त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती. अनेक रुग्णांवर, स्वतःवर आणि आपला मुलगा क्लाउस याच्यावर त्यांनी पुनःपुन्हा चाचण्या घेतल्या. १९२९ मध्ये त्यांचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला. माणूस डोळे मिटून शांत बसला असता सेकंदाला सुमारे दहा या गतीने लहरी उमटतात आणि डोळे उघडताच त्या मावळतात, असे त्यांना आढळले होते. या लहरींना त्यांनी अल्फा हे नाव दिले, तर त्याहून जलद लहरींना बीटा असे संबोधले.

जर्मनीतील शास्त्रज्ञांनी सुरुवातीला या शोधाकडे दुर्लक्ष केले. १९३४ मध्ये केंब्रिज येथील नोबेल पारितोषिक विजेते शास्त्रज्ञ एडगर एड्रियन यांनी सहकाऱ्यासह तेच प्रयोग करून बर्गर यांचे निष्कर्ष खरे असल्याचे जाहीर केले. त्यानंतर त्यांचे नाव जगभर पोहोचले.

मेंदूच्या बिघडलेल्या लहरी आणि आजार यांचा संबंध आता झपाट्याने उलगडू लागला. १९३५ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन येथे गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांना अपस्माराच्या एका प्रकारात सेकंदाला तीन या गतीने उमटणाऱ्या विशिष्ट लहरी आढळल्या. या प्रकारात मूल काही क्षण शून्यात पाहत राहते. अशा मुलाचे अभ्यासात लक्ष नाही, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात त्या क्षणी मेंदूतील असंख्य पेशी एकाच वेळी अनियंत्रितपणे उद्दीपित झालेल्या असतात. १९३६ मध्ये ब्रिटनमधील ग्रे वॉल्टर यांनी मंद लहरींच्या आधारे मेंदूतील गाठीची जागा शोधून दाखविली. झोपेचे विकार, मेंदूज्वर, यकृताच्या आजारात येणारी गुंगी आणि दीर्घ बेशुद्धी अशा अवस्थांतही हा आलेख डॉक्टरांना मार्गदर्शक ठरतो.

या तपासणीला मर्यादाही आहेत. अपस्मार असूनही दोन झटक्यांच्या मधल्या काळात आलेख सामान्य येऊ शकतो. उलट, कधीही झटका न आलेल्या व्यक्तीच्या आलेखातही दोष दिसू शकतो. त्यामुळे केवळ आलेखावरून निदान केले जात नाही. झटका कसा आला, हे प्रत्यक्ष पाहणाऱ्याचे वर्णनही तितकेच मोलाचे असते.

बर्गर यांच्या चरित्रातील काळे पर्व याच काळातील आहे. नाझी राजवटीने १४ जुलै १९३३ रोजी केलेल्या कायद्यानुसार आनुवंशिक मानल्या गेलेल्या आजारांच्या रुग्णांची सक्तीने नसबंदी करण्यात येऊ लागली. त्या आजारांच्या यादीत अपस्माराचाही समावेश होता. नसबंदीचे निर्णय देणाऱ्या न्यायालयाच्या कामकाजात बर्गर सहभागी होते, तसेच नाझींच्या एसएस या संघटनेचे ते सहायक सदस्य होते. नाझींनी छळलेला शास्त्रज्ञ, अशी त्यांची प्रतिमा अनेक वर्षे रूढ होती. कागदपत्रांच्या अभ्यासावर आधारलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ती खोडून काढली.

१९३८ मध्ये बर्गर निवृत्त झाले. अखेरच्या काळात त्यांना नैराश्याने ग्रासले होते. १ जून १९४१ रोजी येना येथे त्यांनी आत्महत्या केली. एका मनातून दुसऱ्या मनात जाणारी ऊर्जा त्यांना सापडली नाही. परंतु तिच्या शोधात निघालेल्या या माणसाने, फीट ही बाहेरची बाधा नसून मेंदूतील विद्युत क्रियेचा बिघाड आहे, हे कागदावर उमटवून दाखविण्याचे साधन जगाला दिले.

साधन मिळाले म्हणून समाजाची दृष्टी आपोआप बदलत नाही, हे खुद्द बर्गर यांच्याच आयुष्यावरून दिसते. भारतात १९७६ च्या दुरुस्तीनुसार वारंवार येणारे अपस्माराचे झटके हे हिंदू विवाह कायद्याखाली विवाहातील बाधा मानले जात होते. ही तरतूद १९९९ मध्ये वगळण्यात आली. तरीही मुलीचे लग्न मोडेल किंवा मुलाची नोकरी जाईल, या भीतीने आजही अनेक कुटुंबे हा आजार लपवितात. भिलाईसारख्या पोलादनगरीत भट्टीजवळ, उंचीवर वा फिरत्या यंत्रापाशी काम करणाऱ्या कामगाराच्या बाबतीत ही लपवाछपवी जिवावर बेतू शकते. वेळीच निदान झाले, तर बहुसंख्य रुग्णांचे झटके औषधांनी आटोक्यात येतात आणि कामाचे स्वरूप बदलून त्यांची रोजीरोटीही टिकू शकते.

फीट आलेल्या व्यक्तीला कांदा किंवा चप्पल हुंगविल्याने काहीही साध्य होत नाही. तिला एका कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, तोंडात काहीही घालू नये आणि झटका पाच मिनिटांहून अधिक काळ टिकल्यास तातडीने रुग्णालयात न्यावे, असा वैद्यकीय सल्ला आहे. अपस्माराविषयी जागृती व्हावी, यासाठी भारतात दरवर्षी १७ नोव्हेंबर हा राष्ट्रीय अपस्मार दिन म्हणून पाळला जातो.