‘ययाति’पलीकडचे खांडेकर

वि. स. खांडेकर यांना १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला तो ‘ययाति’साठी. मराठीला लाभलेले ते पहिले ज्ञानपीठ. साहजिकच खांडेकर म्हणजे ‘ययाति’ हे समीकरण रूढ झाले. वस्तुतः १९७० मध्येच साहित्य अकादमीने आपली फेलोशिप देऊन त्यांच्या समग्र साहित्यसेवेचा गौरव केला होता. त्या सन्मानाचा विसर मात्र लवकर पडला.

१८९८ मध्ये सांगलीस जन्मलेले खांडेकर महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून १९२० साली शिरोड्याच्या शाळेत शिक्षक झाले. तेथील १८ वर्षांत कोकणचे दारिद्र्य त्यांनी जवळून पाहिले. ‘हृदयाची हाक’ (१९३०), ‘दोन ध्रुव’ व ‘उल्का’ (१९३४) या कादंबऱ्या त्याच काळातल्या. १९३८ मध्ये ते कोल्हापुरास आले. चित्रपटकथा, रूपककथा, लघुनिबंध असा व्याप वाढत गेला. ‘ययाति’ प्रसिद्ध झाली १९५९ मध्ये, त्यांच्या वयाच्या साठीनंतर.

भोगलालसेला अंत नसतो, हे सांगणारी ती कादंबरी एकाएकी अवतरली नाही. अभावाशी झुंजणारी माणसे ज्याने आयुष्यभर रंगविली, त्यालाच अतृप्त राजाची कथा आपल्या काळाची वाटली. ‘उल्का’ न वाचता ‘ययाति’ वाचणे म्हणजे निष्कर्ष वाचून अनुभव वगळणे होय.

खांडेकर १९७६ मध्ये निवर्तले. ‘ययाति’ अजूनही खपते. बाकीचे खांडेकर ग्रंथालयांच्या कपाटांत आहेत. समग्र साहित्याचा सन्मान अकादमी करू शकते. ते वाचण्याचे काम मात्र वाचकांनाच करावे लागते.