डॉक्टर विल्यम विदरिंग : मापाचा विश्वासू कारभारी

औषध आणि विष ह्यांच्यामध्यें पुष्कळदां केवळ मापाचें अंतर असतें. हें ज्यांनीं आपल्या कामानें जगास दाखवून दिलें, त्या इंग्लंडांतील एका वैद्याचें चरित्र आज आपणांपुढें ठेवीत आहों.

विल्यम विदरिंग ह्यांचा जन्म इ. स. १७४१ सालीं श्रॉपशायर प्रांतांतील वेलिंग्टन गांवीं झाला. एडिंबरो येथें शिकून १७६६ सालीं ते वैद्यकाची पदवी पावले. प्रथम स्टॅफर्ड येथें व १७७५ पासून बर्मिंगहॅम शहरांत त्यांनीं आपला धंदा चालविला. वनस्पतिशास्त्राचा त्यांना मोठा व्यासंग होता. गोरगरिबांस ते विनामूल्य तपाशीत, आणि असे दोनतीन हजार रोगी दरवर्षीं त्यांच्याकडे येत.

१७७५ सालीं एका घरगुती औषधाविषयीं त्यांचें मत विचारण्यांत आलें. अंगास सूज येऊन पाणी सांचण्याच्या रोगावर श्रॉपशायरमधील एक वृद्ध स्त्री तें देत असे, व डॉक्टरांनीं हात टेकलेले रोगीही त्यानें कधीं कधीं बरे होत. त्यांत वीसांहून अधिक झाडपाला होता; परंतु खरा गुण फॉक्सग्लव्ह, म्हणजे डिजिटॅलिस, ह्या एकाच वनस्पतींत आहे, हें विदरिंग ह्यांनीं ओळखिलें.

तथापि खरें कठीण काम पुढेंच होतें. आरंभीं त्यांनीं दिलेलीं मापें फार मोठीं होतीं. रोग्यांना ओकाऱ्या होत व नाडी मंद पडे. पानांचा काढाही एकसारखा उतरत नसे. तेव्हां झाड फुलावर येण्याच्या सुमारास पानें तोडावीं, सुकवून त्यांची पूड करावी, व मोठ्या माणसास ती एकपासून तीन ग्रेनपर्यंत दिवसांतून दोनदां द्यावी, असें त्यांनीं ठरविलें. एक ग्रेन म्हणजे सुमारें अर्धी गुंज! मूत्र, पोट, नाडी किंवा शौच ह्यांपैकीं एकावर जरी परिणाम दिसला, तरी औषध तत्काळ थांबवावें, असा त्यांचा नियम होता.

दहा वर्षांच्या अनुभवानंतर १७८५ सालीं त्यांनीं ग्रंथ प्रसिद्ध केला. तोंपर्यंत इतर वैद्य बेमापानें तें औषध देऊं लागले होते, व त्यामुळें रोग्यांचे प्राण धोक्यांत येतील अशी त्यांना भीति वाटली. त्या ग्रंथांत त्यांनीं दीडशेंहून अधिक रोग्यांची हकीकत दिली आहे. बरे झाले त्यांची तशीच मेले त्यांचीही, आणि स्वतःच्या चुकाही झांकल्या नाहींत. पुढें क्षयानें खंगून १७९९ सालीं ते वारले. एजबॅस्टन येथील मंदिरांत त्यांच्या स्मारकावर फॉक्सग्लव्हचें झाड कोरलेलें आहे.

त्याच जातीच्या एका वनस्पतीपासून १९३० सालीं डिगॉक्सिन हें औषध शोधून काढण्यांत आलें, व हृदयाच्या कांहीं रोगांवर तें आजही देतात. आपल्या मंडळ्यांतील ज्या मुली परिचारिकेचें काम करितात, त्यांना त्याची ओळख असेल. डॉक्टरांनीं ०.१२५ मिलिग्रॅम लिहिलें व गोळी ०.२५ मिलिग्रॅमची असली, तर लिहिलेल्या मापास गोळीच्या मापानें भागावें. उत्तर अर्धी गोळी येतें. दशांशाचें टिंब एक घर सरकलें कीं माप दसपट होतें, आणि माणूस प्राणास मुकूं शकतो. म्हणून टिंबाच्या आधीं शून्य लिहावें, हिशेब दुसरीकडून तपासून घ्यावा, आणि औषध देण्यापूर्वीं पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी. मोठ्या माणसाची नाडी साठांच्या खालीं असल्यास औषध न देतां डॉक्टरांस कळवावें, अशी सर्वसाधारण रीत आहे.

खोट्या तराजूचा देवाला वीट आहे, हें आपण नीतिसूत्रांत शिकलों. तें वचन केवळ वाण्याच्या दुकानापुरतें नाहीं. रात्रीच्या वेळीं रोग्याच्या उशाशीं बसून जी भगिनी आपला हिशेब पुन्हां करून पाहते, आणि चुकल्यास तें उघड सांगते, तिच्या हातांतही तराजूच आहे. प्रभु तिला थोडक्याविषयीं विश्वासू राखो.