बंदरात यंत्रयुग आणणारे अर्देशीर वाडिया

मुंबईत आय. आय. टी. सुरू झाली १९५८ मध्ये. त्याच्या सव्वाशे वर्षे आधी, आजच्यासारखे अभियांत्रिकी शिक्षण मुंबईत मिळत नसताना, गोदीतील एका पंचविशीच्या तरुणाने वाफेचे इंजिन बसविलेली बोट पाण्यात सोडली. १८३३ मधील त्या बोटीचे नाव ‘इंडस’ आणि त्या तरुणाचे नाव अर्देशीर कर्सेटजी वाडिया.

अर्देशीर यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८०८ रोजी झाला. १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजी यांच्यापासून या घराण्याने सागवानी जहाजांच्या बांधणीत मोठा लौकिक मिळविला होता. चौदाव्या वर्षी अर्देशीर गोदीत कामाला लागले. हाताशी वडिलोपार्जित कौशल्य होते. पण त्यांचे लक्ष वेधले ते वाफेने. ज्या लाकडी, शिडांच्या जहाजांवर घराण्याचे वैभव उभे होते, त्यांचे दिवस भरत आल्याची चाहूल त्यांना लागली होती.

त्याला कारणही घडले होते. मुंबईच्याच गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८३० मध्ये मुंबईहून सुएझला गेली. मात्र महिनाभराच्या त्या प्रवासातील दहाहून अधिक दिवस बंदरांत कोळसा भरण्यातच गेले. बोट वाऱ्याच्या लहरीतून सुटली, तरी बंदरात ती अडकून पडत होती. यंत्राने समुद्रात वाचविलेला वेळ किनाऱ्यावर वाया जाऊ नये, तर दुरुस्तीचा कारखाना, ओतशाळा आणि जाणते कारागीर बंदरातच हवेत, हे उघड होते.

त्या तयारीसाठी अर्देशीर १८३९ मध्ये इंग्लंडला गेले. तेथील कारखाने व गोद्या त्यांनी बारकाईने पाहिल्या. आपला बंगला १८३४ मध्येच गॅसच्या दिव्यांनी उजळणाऱ्या या तंत्रज्ञाची कीर्ती लंडनपर्यंत पोहोचली आणि २७ मे १८४१ रोजी ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. त्यांच्यानंतर तो रामानुजन यांना लाभला, तोही १९१८ मध्ये.

खरी कसोटी मात्र मुंबईतच होती. १८४१ मध्ये मुंबईच्या स्टीम फॅक्टरी व फाउंड्रीचे मुख्य अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली. हाताखाली युरोपीय फोरमन, इंजिनिअर आणि बॉयलर कारागीर होते. एका ‘नेटिव्हा’ने गोऱ्यांना हुकूम द्यावा, ही कल्पनाच अनेकांना रुचली नाही, वृत्तपत्रांतून शंका घेतल्या गेल्या. अर्देशीर यांनी वाद घातल्याचे दिसत नाही. सोळा वर्षे त्यांनी तो कारखाना चालवून दाखविला. यंत्र कोणत्या देशातून आले यापेक्षा ते कोणाला कळते हे महत्त्वाचे, असे त्यांच्या कामाने सिद्ध केले.

१८४९ मध्ये त्यांनी अमेरिकेचा दौरा केला आणि तेथील लाकूड कापण्याची यंत्रे मुंबईस धाडली. १८५१ मध्ये त्यांनी ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट बांधली. तिचे यंत्रभाग त्यांच्या स्वतःच्या ओतशाळेत घडले होते. परदेशी इंजिनपासून स्वदेशी इंजिनपर्यंतचे हे अंतर त्यांनी अठरा वर्षांत कापले.

१८५७ मध्ये ते निवृत्त झाले. पुढे १८६१ पासून दोन वर्षे त्यांनी सिंधमधील कोटरी येथे सिंधू नदीवरील आगबोटींचे काम पाहिले. नदीतून आलेला माल कोटरीला रेल्वेत चढायचा आणि कराची बंदर गाठायचा. जहाज, धक्का आणि रूळ यांची सांगड घालणारी ती व्यवस्था आजच्या मालवाहतुकीची पूर्वजच म्हणावी लागेल. उत्तरायुष्य त्यांनी इंग्लंडमधील रिचमंड येथे घालविले. १६ नोव्हेंबर १८७७ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. भारतीय टपाल खात्याने १९६९ मध्ये त्यांच्यावर तिकीट काढले.

न्हावा शेवा बंदरात २०१६ पासून कंटेनरला रेडिओ टॅग लावून त्याचा माग ठेवला जातो. साधने पालटली, पण हिशेब तोच आहे: जहाज कितीही वेगाने आले, तरी माल किती वेळात बाहेर पडतो ते धक्क्यावर ठरते. आणि जुन्या कौशल्याचे काय, हा प्रश्नही तोच आहे. सागवानी जहाजांच्या घराण्यातील अर्देशीर यांनी त्याचे उत्तर नवे यंत्र स्वतः शिकून आणि स्वतः घडवून दिले होते.