नामकर्ते लिनीअस

गोंदिया जिल्ह्यात धानाच्या बांध्यांतून जोडीने हिंडणाऱ्या सारसाच्या शास्त्रीय नावात ‘अँटिगोनी’ हा शब्द आहे. देवीच्या कोपाने पक्षी झालेल्या एका राजकन्येचे हे नाव. कथेतील तो पक्षी सारस नव्हे, करकोचा. पण ते असो! १७५८ साली हे नाव देणारे कार्ल लिनीअस स्वीडन देशात १७०७ मध्ये जन्मले. विद्यार्थिदशेत फाटक्या जोड्यांत कागद घालून त्यांनी दिवस काढले. त्या काळी वनस्पतींची नावे ओळभर लांब असत. लिनीअसांनी ती दोन शब्दांवर आणली : पहिला प्रजातीचा, दुसरा जातीचा. उतारवयात पक्षाघाताने त्यांची स्मृती हरपली. स्वतःच्याच ग्रंथांची ते प्रशंसा करीत. परंतु त्यांचे कर्ते आपणच, हे त्यांना उमगत नसे. १७७८ साली ते निवर्तले.