हेन्री फोर्ड आणि त्याची मोटार

शाळेच्या फाटकापाशीं सकाळीं उभी राहणारी मोटारींची रांग पाहून आमच्या विद्यार्थ्यांस कांहीं नवल वाटत नाहीं. ही वस्तु एके काळीं केवळ धनिकांच्या चैनीची होती, आणि शेतकरी व शाळामास्तर यांनीं तिच्याकडे नुसतें पाहावें अशी स्थिति होती, हें त्यांस सांगूनही खरें वाटणार नाहीं. ती स्थिति ज्यानें पालटली त्याचें चरित्र या अंकांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे. चरित्रनायक असामान्य होता यांत संशय नाहीं. परंतु तो सर्वांशीं अनुकरणीय होता असें आम्हांस म्हणवत नाहीं, आणि मुलांपासून तें लपवून ठेवणें आम्हांस प्रशस्तही वाटत नाहीं.

हेन्री फोर्ड याचा जन्म अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत, डिअरबॉर्न गांवाजवळील एका शेतावर, ता. ३० जुलै १८६३ रोजीं झाला. त्याचा बाप विल्यम हा आयर्लंडांतील मोठ्या दुष्काळाच्या दिवसांत, १८४७ सालीं, समुद्र ओलांडून आला होता व कष्ट करून त्यानें शेतीवाडी संपादन केली होती. थोरल्या मुलानें तीच पुढें चालवावी ही त्याची साहजिक इच्छा. मुलाचें मन मात्र नांगरापेक्षां नांगराच्या खिळ्यांत अधिक गुंते. भावंडें आपलीं किल्लीचीं खेळणीं हेन्रीच्या दृष्टीस पडूं देत नसत, कारण तीं त्याच्या हातीं गेलीं कीं त्यांचे सुटे भाग होत, असें सांगतात. तेराव्या वर्षाच्या सुमारास तो शेजाऱ्यापाजाऱ्यांचीं घड्याळें दुरुस्त करून देऊं लागला.

१८७६ हें वर्ष त्याच्या आयुष्यांत मोठें महत्त्वाचें. त्या वर्षीं त्याची आई वारली. त्या वेळीं त्यास तेरावें वर्षही पुरें झालें नव्हतें. त्याच उन्हाळ्यांत बापाबरोबर गाडींतून डेट्रॉइटकडे जात असतां त्यास रस्त्यांत एक वाफेचें एंजिन आपल्याच बळानें चालत येतांना दिसलें. घोडे नाहींत आणि गाडी चालते! हेन्री गाडींतून उडी टाकून खालीं उतरला व त्या एंजिनवाल्यास प्रश्नांवर प्रश्न विचारूं लागला. म्हातारपणींही तो ही हकीकत कालच घडल्यासारखी सांगत असे.

सोळाव्या वर्षीं, म्हणजे १८७९ सालीं, तो शेत सोडून डेट्रॉइट शहरीं आला व एका यंत्रशाळेंत उमेदवार म्हणून राहिला. आठवड्यास मजुरी अडीच डॉलर, आणि राहण्या-जेवण्याचा खर्च साडेतीन डॉलर. ही तूट भरून काढण्यासाठीं तो रात्रीं एका जवाहिऱ्याच्या दुकानीं घड्याळें दुरुस्त करी. वसतिगृहांतील आमच्या कांहीं मुलांनीं हा हिशेब नीट पाहावा एवढेंच आम्ही सुचवितों.

१८८८ सालीं क्लारा ब्रायंट हिच्याशीं त्याचा विवाह झाला. मुलगा पुन्हा शेतीकडे वळावा म्हणून बापानें त्यास जमीन देऊं केली होती. पण १८९१ सालीं तो पत्नीसह पुनः डेट्रॉइटला गेला आणि एडिसनच्या नांवानें चाललेल्या वीज कंपनींत नोकरीस लागला. क्लाराविषयीं दोन शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. १८९३ च्या नाताळाच्या आदल्या रात्रीं ती सणाच्या स्वयंपाकांत होती व तान्हें मूल जवळच निजलें होतें. इतक्यांत नवरा लोखंडी नळीच्या तुकड्यापासून बनविलेलें एक छोटें एंजिन घेऊन आला, तें त्यानें मोरीच्या कडेला आवळून बसविलें आणि थेंब थेंब पेट्रोल सोडण्याचें काम बायकोला सांगितलें. एंजिन सुरू झालें. ज्वाळा निघाल्या, धूर झाला, मोरी हादरली. बाईनें हातांतील काम टाकून तें केलें, आणि पुढेंही या विक्षिप्त वाटणाऱ्या माणसावरचा तिचा विश्वास ढळला नाहीं.

ता. ४ जून १८९६ रोजीं पहांटे त्याची पहिली गाडी तयार झाली. सायकलीचीं चार चाकें, वळविण्यास होडीच्या सुकाणूसारखा दांडा, दोन वेग, आणि मागें येण्याची सोय मुळींच नाहीं. पण गाडी बाहेर काढूं जातां असें आढळलें कीं, ज्या कोठींत ती बांधली तिचें दार गाडीहून अरुंद! महिनेन् महिने खपून गाडी बांधणाऱ्याच्या लक्षांत दाराची रुंदी आली नव्हती. त्यानें कुऱ्हाड घेऊन विटा पाडल्या आणि गाडी रस्त्यावर आणली. भूमितीचे तास कंटाळवाणे वाटणाऱ्या मुलांस ही गोष्ट आम्ही दर वर्षीं सांगतों.

यश लगेच मिळालें असें नव्हे. १८९९ सालीं भांडवलदारांच्या साहाय्यानें काढलेली पहिली कंपनी दीड वर्षाच्या आंत मोडली. दुसरी १९०१ सालीं निघाली. तींतून फोर्ड कांहीं महिन्यांतच भांडून बाहेर पडला, आणि त्याच कंपनीचें पुढें हेन्री लेलंड या कुशल कारागिराच्या हातीं कॅडिलॅक असें नांव झालें. तिसरी कंपनी ता. १६ जून १९०३ रोजीं स्थापन झाली. रोख जमलेलें भांडवल अवघें २८,००० डॉलर. एका महिन्याच्या आंतच बँकेंत २२३ डॉलर व कांहीं सेंट एवढीच शिल्लक उरली. इतक्यांत शिकागोच्या एका दंतवैद्यानें ८५० डॉलर देऊन पहिली गाडी विकत घेतली आणि कंपनी तरली. त्या वेळीं फोर्ड चाळीस वर्षांचा होत आला होता.

आतां ज्या गाडीनें त्याचें नांव जगभर केलें तिच्याकडे वळूं. १९०८ च्या ऑक्टोबरांत ‘मॉडेल टी’ विक्रीस निघाली. एंजिन वीस अश्वशक्तीचें, पोलाद व्हॅनेडियममिश्रित, हलकें पण चिवट. आणि खालचा भाग जमिनीपासून इतका उंच कीं चिखलाच्या, चाकोऱ्या पडलेल्या खेड्यांतील रस्त्यांवरूनही ती जाई. सुखासनाची अपेक्षा मात्र तिच्यापाशीं कोणी करूं नये. ती सुरू करण्यासाठीं पुढें उभें राहून हँडल फिरवावें लागे. ठिणगीचा दांडा आधीं वर घेण्यास कोणी विसरला तर हँडल उलट तडाखा देई व मनगट मोडे. म्हणून जाणते लोक आंगठा बोटांच्याच बाजूस ठेवून हँडल धरीत. थंडीच्या दिवसांत आंतील तेल इतकें घट्ट होई कीं, एंजिन सुरू होतांच गाडी हळूहळू पुढें सरके आणि समोर उभ्या असलेल्या धन्यालाच रेटूं लागे. यावर उपाय म्हणून लोक मागचें एक चाक उचलून धरीत.

पायांखालीं तीन पट्ट्या असत. पण डाव्या पट्टीनें वेग बदले, मधली गाडी मागें नेई आणि उजवी थांबवी. पेट्रोल कमीजास्त करण्याचा दांडा सुकाणूच्या चाकाखालीं, हाताशीं. आज मोटार हाकणाऱ्या आमच्या पालकांस त्या गाडींत बसविलें तर त्यांची पहिल्या वळणावरच भंबेरी उडेल. टाकी बैठकीखालीं असे, आणि किती पेट्रोल उरलें हें पाहण्यास बैठक उचलून आंत काठी बुडवावी लागे. पेट्रोल एंजिनाकडे जाई तें आपल्याच वजनानें. म्हणून टाकी निम्म्याहून रिकामी असतां उभा चढ लागला तर पेट्रोल एंजिनापर्यंत पोंचेना. मग धनी गाडी वळवून उलटी चढवी, आणि लोकांस त्यांत कांहीं विशेष वाटत नसे.

या गाडीवर असंख्य विनोद झाले. तिला लोक लाडानें ‘टिन लिझी’, म्हणजे पत्र्याची लिझी, म्हणत. पण त्याच लिझीचें मागचें चाक उचलून, त्यावर पट्टा चढवून शेतकरी लांकडें कापी, पाणी उपसी, जनावरांचें खाद्य दळी. बिघाड झालाच तर पाना आणि तार एवढ्यावर तो स्वतःच ती दुरुस्त करी. सुटे भाग गांवच्या दुकानांत मिळत. मैलोगणती दूर एकएकट्या राहणाऱ्या शेतकऱ्यांच्या बायकांस बाजार, देऊळ आणि डॉक्टर जवळ आले, हा उपकार आमच्या मतें सर्वांत मोठा.

इतक्या गाड्या निघणार कशा? शिकागोच्या खाटीकखान्यांत लटकतें धूड माणसांपुढून सरकत जाई व प्रत्येक जण आपल्या वांट्याचा एकच तुकडा कापी. तेंच उलट करून, १९१३ सालीं हायलंड पार्क येथील कारखान्यांत सांगाडा चालता ठेवला आणि माणसें जागच्या जागीं उभीं केलीं. ज्या जुळणीस पूर्वीं साडेबारा तास लागत ती पुढील वर्षीं ९३ मिनिटांत होऊं लागली. ८५० डॉलरांची गाडी १९२४ सालीं ३०० डॉलरांच्या आंत आली. १९२७ पर्यंत दीड कोटींहून अधिक मॉडेल टी निघाल्या.

पण दिवसभर एकच खिळा आवळणाऱ्या माणसाचें काय? माणसें टिकेनात. १९१३ सालीं सुमारें १४,००० जागा भरलेल्या ठेवण्यासाठीं ५२,००० हून अधिक लोक नोकरीस घ्यावे लागले. तेव्हां ता. ५ जानेवारी १९१४ रोजीं फोर्डनें जाहीर केलें कीं, नऊ तासांच्या सुमारें सव्वादोन डॉलरांऐवजीं आठ तासांस पांच डॉलर मिळतील. कडाक्याच्या थंडींत हजारों बेकार दाराशीं लोटले, आणि गर्दी आवरेना तेव्हां त्यांच्यावर पाण्याचे झोत सोडण्यांत आले. ही वाढ सर्वांस सरसकट नव्हती. कामगार दारू पितो काय, पैसा शिलकेंत टाकतो काय, घर स्वच्छ ठेवतो काय, हें पाहण्यास कंपनीचे तपासनीस घरोघर जात. या खात्याचें प्रमुखत्व कांहीं काळ सॅम्युएल मार्क्विस या धर्मोपदेशकाकडे होतें. आपल्या हातून कांहीं भलें होईल या आशेनें तो गेला, १९२१ सालीं निराश होऊन बाहेर पडला, आणि फोर्डविषयीं त्यानें एक स्पष्टोक्तीचें पुस्तक लिहिलें. दुसऱ्याच्या घरांत शिरून त्यास सदाचार शिकविण्याचा मोह आम्हां शिक्षकांसही होतो, म्हणून ही हकीकत आम्हीं मुद्दाम दिली आहे.

संपत्तीबरोबर हट्टही वाढला. १९२० पासून फोर्डच्या मालकीच्या साप्ताहिकानें ज्यू लोकांविरुद्ध विषारी लेखमाला चालविली. तिचीं पुस्तकें जर्मनींतही गेलीं, आणि तेथें त्यांचें काय पीक आलें तें जगानें पाहिलें. अब्रूनुकसानीची फिर्याद झाल्यावर १९२७ सालीं त्यानें क्षमा मागितली. तरी १९३८ सालीं नाझी सरकारचें पदक त्यानें स्वीकारलेंच. खिळे, चाकें व पोलाद यांविषयीं ज्याचें म्हणणें क्वचितच चुकलें, त्यानें माणसांविषयीं इतकें अडाणी मत बाळगावें, याचें आम्हांस अद्यापि कोडें पडतें. १९३२ च्या मार्चांत त्याच्या रूज कारखान्यावर आलेल्या बेकारांच्या मोर्चावर गोळीबार होऊन चार माणसें ठार झालीं. १९३७ सालीं संघटनेचीं पत्रकें वाटणाऱ्या वॉल्टर रॉयथर व त्याच्या सोबत्यांस त्याच्या हस्तकांनीं रक्तबंबाळ केलें. १९४१ सालीं अखेर त्यास कामगारसंघाशीं करार करावा लागला. क्लारानें घर सोडून जाण्याची धमकी दिली तेव्हांच तो नमला, असें त्याचा एक जुना सहकारी सांगे.

सर्वांत दुःखद प्रकरण त्याच्या एकुलत्या मुलाचें. नाताळाच्या त्या रात्रीं जवळ निजलेलें तान्हें मूल तें हेंच. एड्सेल १९१९ पासून कंपनीचा अध्यक्ष होता, पण नांवाचाच. मॉडेल टी जुनी झाली, शेव्हरोलेच्या गाड्या पुढें जात आहेत, असें तो सांगे. बाप चारचौघांत त्याचा उपमर्द करी. १९२७ सालीं बापास ऐकावें लागलें आणि नवी मॉडेल ए निघाली. तिचें रेखीव रूप एड्सेलचें. ती पाहण्यास गांवोगांव झुंबड उडाली. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकांचाही त्यानें आग्रह धरला. ते फोर्ड गाड्यांस १९३९ च्या नमुन्यांत, इतरांच्या फार मागाहून, लागले. मुलगा मऊ आहे, त्यास कणखर केलें पाहिजे, असें बाप मनापासून समजत होता. ता. २६ मे १९४३ रोजीं पोटाच्या कर्करोगानें एड्सेल वारला, वय ४९. ऐंशीच्या घरांतील म्हातारा पुन्हा अध्यक्ष झाला, पण त्याचें चित्त ठिकाणावर राहिलें नव्हतें. १९४५ सालीं सुनेच्या व पत्नीच्या निकरामुळें त्यानें कारभार नातवाच्या हातीं दिला.

आपल्या देशाशीं त्याचा एक चमत्कारिक संबंध आहे. १९४१ सालीं महात्मा गांधींनीं त्यास स्वतःच्या सहीचा एक चरखा भेट पाठविला. जगांतील सर्वांत मोठ्या कारखानदारानें तो मोठ्या आदरानें ठेवून घेतला. त्याच्या कंपनीनें १९२६ सालीं हिंदुस्थानांत शाखा काढली होती. स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत ती मिटली. १९९५ सालीं ती पुन्हा आली, आणि आमच्या कित्येक पालकांनीं तिच्या गाड्या वर्षानुवर्षें वापरल्या. २०२१ सालीं येथील उत्पादन बंद करण्याचें तिनें जाहीर केलें, तेव्हां त्यांपैकीं कांहींनीं सुट्या भागांची काळजी आमच्यापाशीं बोलून दाखविली होती.

फोर्डच्या घराजवळून रूज नदी वाहते. तिच्या पाण्यावर वीज करण्याचें स्वतःचें यंत्रगृह त्यानें बांधलें होतें. १९४७ च्या एप्रिलांत नदीस पूर आला, यंत्रगृह बंद पडलें आणि घरांत अंधार झाला. ता. ७ रोजीं रात्रीं, मेणबत्त्या आणि तेलाचे दिवे लावलेल्या खोलींत, क्लारा जवळ असतां, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षीं त्यानें देह ठेवला. तो जन्मला तेव्हां शेतावरच्या घरांतही उजेड असाच होता.